समर कोर्सचं सर्टिफिकेट अन् उन्हाळ्यातलं काम, अॅडमिशनले कामी काय येते?

अकरावीची सुट्टी लागली का आमच्या गडचिरोलीकडे विचारणं सुरू होते, दादा, नागपूरले समर कोर्स आहे, आठ हजार मागतात पण सर्टिफिकेट भेटते, पोराची अॅडमिशन पक्की होईल का? अन् तेच पोट्टं मे महिन्यात पहाटे मायसोबत तेंदूपत्ता तोडायले जाते, दुपारी पुडे बांधते, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करतात त्या ठिकाणी, हिशोब करते, ते कोणी मोजतच नाही. दोन्ही सुट्टीतल्याच गोष्टी, पण सारख्या नाहीत.

आधी इंजिनिअरिंगचं सांगतो, कारण निम्मे फोन त्याचेच. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकार मेरिटनं सीटा वाटते तिथं, सर्टिफिकेटही चालत नाही अन् तेंदूपत्ताही नाही. तिथं सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पर्सेंटाइल लागते. पीसीएमचा (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) पेपर २०० मार्कांचा, त्यात अकरावीचा भाग साधारण २० टक्के, म्हणून सुट्टीत अकरावीचं फिजिक्स पुन्हा काढलं तर ते मार्कात दिसते. मेडिकलले नीटचे ७२० मार्क, तिथंही परीक्षेचे मार्कच चालतात. राखीव सीट पाहिजे असन तर घरच्यांनी आठ हजार खर्चण्यापेक्षा जात पडताळणीची फाईल आत्ताच टाकावी, सेतूत दोन चकरा जास्त झाल्या तरी चालेल, व्हॅलिडिटी वेळेवर आली नाही म्हणून हातातली सीट गेलेली मी पाह्यली आहे, त्या पोरीचा चेहरा अजून आठवते.

फरक पडते तो पोराचा पूर्ण अर्ज वाचणाऱ्या कॉलेजात. बंगळुरूची अझीम प्रेमजी युनिव्हर्सिटी प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत घेते, अमेरिकेतली बरीच कॉलेजं कॉमन अॅपवर (एकाच ऑनलाइन फॉर्मनं अनेक कॉलेजात अर्ज करता येते ती साइट) अर्ज घेतात अन् त्यात १० अॅक्टिव्हिटीज लिहायले जागा असते, घरची जबाबदारी अन् पगारी काम हे प्रकार त्या यादीतच आहेत! म्हणजे मायसोबतचं काम लपवायची गोष्टच नाही. पैसे भरले का कोणालेही भेटणारं सर्टिफिकेट मात्र तिथं फारसं वजन धरत नाही, कारण त्यातून घरात पैसा होता एवढंच कळते. परीक्षा घेऊन मोजकी पोरं निवडणारा कॅम्प असला तर गोष्ट वेगळी, त्याले जरूर जा.

पण काम केलं म्हणून आपोआप मोजलं जाते असंही नाही, ते लिहावं लागते. कॉमन अॅपवर एका कामाच्या वर्णनाले १५० अक्षरं भेटतात, त्यात 'मेहनती आहे, आईवडिलांना मदत करतो' लिहिलं तर जागा वाया गेली, त्यापेक्षा 'मे महिन्यात १८ दिवस तेंदूपत्ता तोडला, घरच्या पुड्यांचा हिशोब ठेवला, मजुरीतून बहिणीची वह्यापुस्तकं घेतली' असं लिहा. दिवस खरे पाहिजेत, मुलाखतीत कोणी पुडा कसा बांधतात विचारलं तर सांगता आलं पाहिजे. म्हणून फळीवरून आल्यावर रोज वहीत तारीख अन् पुडे टाकत जा, डिसेंबरात अर्ज भरताना मे मधलं काहीच आठवत नाही.