घंगाळ, जातं, कंदील, ट्रंक: मोडीत घालण्याआधी वाचा

माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं की ढेलजेतून, माजघरातून घंगाळं, जाती, कंदील, पत्र्याच्या ट्रंका, रांजण बाहेर निघतात. तांबं-पितळ वजनावर मोडीत जातं आणि दगड अंगणात लोळत पडतो. यातलं बरंचसं नव्या घरात रोजच्या वापरात येऊ शकतं. त्यासाठी कोणी वस्तू घेऊन आमच्या दुकानात आलं की आम्ही आधी एकच गोष्ट तपासतो: भोक न पाडता काम होतं का? घंगाळाला एकदा भोक पाडलं की ते पुन्हा घंगाळ म्हणून वापरता येत नाही. म्हणून ड्रिल शेवटी, आणि गरज असेल तरच.

घंगाळाचं बेसिन

सर्वात जास्त विचारणा याचीच असते, आणि फसतंही हेच जास्त. इथे मात्र भोकाशिवाय इलाज नाही, म्हणून आधी दोन तपासण्या करा. घंगाळ रात्रभर पाण्यानं भरून कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर जोड झिरपतोय. डाग देऊन, म्हणजे झाळून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. मग बूड अंगठ्यांनी दाबून पाहा. पत्रा आत जाऊन परत वर येत असेल तर तो झिजलेला आहे. असं घंगाळ बेसिन करू नका, शोभेलाच ठेवा.

भोक बुडाच्या मध्यावर धरू नका. पेलाभर पाणी ओतून ते जिथं साचतं तिथं खूण करा. जुन्या घंगाळात ही जागा बऱ्याचदा दोन-तीन बोटं बाजूला निघते. 32 मिमीच्या वेस्ट कपलिंगच्या (बेसिनचं पाणी खाली सोडणाऱ्या जोडाच्या) आट्यांचा बाहेरचा व्यास साधारण 42 मिमी असतो, तेव्हा 44 मिमीचा होल-सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, घ्या. पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा, ड्रिलचा वेग कमी, तेलाचे थेंब अधूनमधून. वेगात चालवलं तर दात पत्र्यात अडकून कड फाटते. बूड गोलसर असेल तर कपलिंगची चकती टेकत नाही. त्यासाठी वाळूच्या पिशवीवर ठेवून भोकाभोवतीचा भाग लाकडी मोगरीनं हलकेच सपाट करावा लागतो.

कपलिंग पूर्ण आट्यांचंच, म्हणजे फुल थ्रेड, घ्या. ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी वाहून नेणाऱ्या) खाचा असलेलं कपलिंग चिनीमातीच्या जाड बेसिनसाठी असतं. पातळ पत्र्यात त्या खाचा खाली उघड्या राहतात आणि पाणी कपाटात गळतं. पत्र्याच्या वर आणि खाली रबरी वॉशर हवेतच. नुसतं सिलिकॉन टिकत नाही, कारण पत्रा लवचिक असतो आणि सांधा सुटतो. खाली बॉटल ट्रॅप बसवा, नाहीतर गटाराचा वास घरात येतो.

आता उंची. बेसिनची कड जमिनीपासून 80 ते 85 सेंमी असावी. घंगाळ 25 सेंमी खोल असेल तर ओटा 55 ते 60 सेंमीचाच लागतो. गवंड्याला हे आधी सांगितलं नाही तर तो नेहमीच्या उंचीचा ओटा बांधतो आणि लहान मुलांचा हातच पोहोचत नाही. घंगाळ लोखंडी कड्यावर बसवायचं असेल तर मध्ये रबराची पट्टी द्या. तांबं आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकलं की लोखंड फार लवकर गंजतं.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं पांढरे थर बसतातच. लिंबाच्या फोडीनं निघतात, पण लगेच भरपूर पाण्यानं धुवून कोरडं पुसा. आंबट आणि मीठ तसंच राहिलं की त्यातूनच हिरवं चढतं.

जात्याचं कारंजं

वरच्या पाळीला धान्य घालायचं तोंड आधीच असतं, तेव्हा दगडाला हातही लावावा लागत नाही. 60 सेंमीचा टब घ्या, त्यात विटा रचून पाळ त्यांच्यावर ठेवा. वजन टबच्या कडेवर आलं की टब चिरतो. कूलरचा 18 वॉटचा पंप टबात, त्याची नळी तोंडातून वर, आणि उरलेल्या फटीत गोटे. टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडलेली बाजू वर ठेवा, पाणी त्या खाचांतून सुंदर पसरतं. पाणी कमी होऊन पंप कोरडा चालला की जळतो, तेव्हा उन्हाळ्यात रोज पातळी बघा. वीजजोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच वाढतील.

कंदील

ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असो की दुसरा, रॉकेलच्या टाकीला ड्रिल लावू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि ठिणगीनं भडका उडू शकतो. गरम साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवून उन्हात वाळवा. बर्नर काढा, रॉकेल भरायच्या तोंडातून वायर आत घालून बर्नरच्या जागेतून वर काढा. झाकण जपून ठेवा. आमचा आग्रह 5 व्होल्टच्या एलईडीचा आहे: पॉवर बँकेवर चालतो, वीज गेली तरी उजेड राहतो आणि धातूच्या अंगात करंट उतरायची भीती नाही. 230 व्होल्टच घ्यायचे असतील तर तीन तारांची वायर आणि कंदिलाच्या अंगाला अर्थिंग, याशिवाय नको.

रांजण आणि माठ, एक भाजीची पेटी

मोठ्या रांजणाच्या तळाशी वाळू घाला, आत 4-5 सेंमी फट राहील असा लहान माठ ठेवा, फटीत वाळू भरून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. वर ओलं गोणपाट. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पालेभाजी, टोमॅटो चांगले टिकतात. पावसाळ्यात हवा दमट असते, पाणी उडत नाही, म्हणून गारवाही येत नाही. तेव्हा वाळू काढून वाळवून ठेवा. बोअरच्या क्षारानं भरलेला जुना रांजण झिरपत नसेल तर तो या कामाचा नाही.

ट्रंक

बसायला करताना चाकं थेट पत्र्याला मारू नका, पत्रा फाटतो. खाली 18 मिमी प्लाय देऊन त्यात स्क्रू घ्या. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला भारतात 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून आली, त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. ओला पॉलिश पेपर वापरा, तोंडाला मास्क, जवळ मुलं नकोत. मग रेड ऑक्साइड आणि त्यावर एनॅमल. मुलं आत लपतात, म्हणून मागच्या बाजूला हवेसाठी भोकं पाडा आणि कडी काढून टाका.

ज्यांना हात लावू नये

बिदरीचा हुक्का, पानदान किंवा फुलदाणी चिंचेनं किंवा पावडरीनं घासू नका. तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीनं मुद्दाम आणलेला असतो. तो गेला की चांदीचं काम उठून दिसत नाही. खोबरेल तेलाचा हात पुरे. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक, चिंच, आमटी ठेवू नका, आधी कल्हई करून घ्या. आणि कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, कथील 232 अंशांनाच वितळतं. हंड्यात झाड लावायचं असेल तर माती थेट घालू नका, खत आणि ओल मिळून बूड खातात. आत प्लास्टिकची कुंडी ठेवा.

दुकानात येताना वस्तू धुवून नाही, जशी आहे तशीच आणा. काळा थर कशाचा आहे हे पाहिल्यावरच काय लावायचं ते ठरतं. बेसिन करायचं असेल तर ओट्याची उंची आणि भिंतीतल्या पाइपची जागा मोजून आणा.