सवय २१ दिवसांत लागते?

ताण हलका व्हावा म्हणून ठाण्यात कितीतरी जण तलावपाळीला सकाळच्या फेऱ्या सुरू करतात. तीन आठवड्यांनीही उठायचा कंटाळा येतो, मग ‘आपल्यातच जिद्द नाही’ म्हणून सोडून देतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण २१ दिवसांचा हा नियमच चुकीचा आहे.

प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली लिहिलं होतं, की रुग्णांना आपला नवा चेहरा आपलासा वाटायला ‘किमान’ २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं, आकडा तेवढा उरला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. माणसागणिक अंदाज १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलंही नाही. पावसानं आज फेरी हुकली असेल, तर उद्या जा.