सतरावी रेघ

वर्कशॉप छोटं होतं. चार लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दाराशी रिजेक्शनची लाल पेटी. मी गेलो तेव्हा मालक त्या पेटीपाशी उकिडवे बसून एकेक शाफ्ट बाहेर काढत होते, त्याला व्हर्नियर (बारीक माप घेण्याचं साधन) लावत होते आणि त्यातले बरेचसे परत चांगल्या मालात ठेवत होते. ड्रॉइंगवर व्यास होता २४.३० मिलिमीटर, आणि ०.०५ चा फरक इकडे किंवा तिकडे चालणार होता. त्यातल्या एका शाफ्टचं माप त्यांनी मला दाखवलं. मुख्य पट्टीवर २४, आणि सरकत्या पट्टीवरची सतरावी रेघ वरच्या रेघेला तंतोतंत जुळलेली. या व्हर्नियरवर एक रेघ म्हणजे ०.०२ मिलिमीटर. सतरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४. माप झालं २४.३४, माल चोख. लेथवरच्या पोराने मात्र सतरावी रेघ पाहून २४.१७ वाचलं होतं आणि ‘मायनस गेला’ म्हणून शाफ्ट लाल पेटीत टाकला होता.

पोरगा आयटीआय झालेला टर्नर. दोन वर्षांचा ट्रेड, पास झाल्याचं सर्टिफिकेट. हात चांगला होता त्याचा. टूलची धार गेली की आवाजावरून ओळखायचा. गाडी अडली होती ती दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारात, पाचवी-सहावीच्या गणितात.

कामगारांची गुणवत्ता आणि देशाची आर्थिक वाढ यांचं नातं काय, या प्रश्नावर अर्थशास्त्रात गेली साठ-सत्तर वर्षं काम चाललंय. वाचताना मला दरवेळी ती लाल पेटी आठवते.

सुरुवात एका हिशेबापासून झाली. १९५७ साली रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकेची १९०९ ते १९४९ ही चाळीस वर्षं तपासली. तासाभराच्या श्रमातून होणारं उत्पादन त्या काळात दुप्पट झालं होतं. यंत्रं, इमारती, एकूण भांडवल वाढलं त्यामुळे यातलं किती वाढलं असावं? हिशेबाने आलं जेमतेम आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से कुठून आले याचं उत्तर भांडवलाच्या वहीत नव्हतं. सोलोंनी त्यावर ‘तांत्रिक बदल’ असं नाव लिहिलं. थिओडोर शुल्ट्झ यांनी पुढे सांगितलं की या हिश्श्यातला मोठा भाग माणसांमध्ये आहे: त्यांच्या शिक्षणात, आरोग्यात, अंगी असलेल्या कौशल्यात. ‘मानवी भांडवल’ हा शब्द रुळला तो तेव्हापासून, आणि शुल्ट्झ यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

मग विकसनशील देशांनी शाळा बांधायला घेतल्या. इंडोनेशियाने तर तेलाच्या पैशातून १९७३ ते १९७९ च्या दरम्यान ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा उभ्या केल्या. एस्थर डुफ्लो यांनी पुढे दाखवून दिलं की ज्या भागात शाळा जास्त झाल्या तिथली मुलं जास्त शिकली आणि मोठेपणी जास्त कमावूही लागली. एवढ्यावरून वाटेल की शाळेची वर्षं वाढवली की काम फत्ते. पण सगळ्या देशांचे आकडे एकत्र मांडल्यावर घोटाळा झाला. शाळेची सरासरी वर्षं भराभर वाढूनही कित्येक देशांचं उत्पन्न जागच्या जागी राहिलं होतं. लॅटिन अमेरिकेतल्या मुलांची शाळेत वर्षं बरीच जात होती, तरी पूर्व आशिया बघता बघता पुढे निघून गेला.

एरिक हानुशेक आणि लुडगर वॉसमन यांनी वर्षं मोजायचं सोडून गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतले गुण मोजले, आणि चित्र बरंचसं जुळलं. पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीच्या मापाने साधारण १०० गुणांचा फरक असेल, तर १९६० ते २००० या काळात देशाच्या वाढीच्या दरात वर्षाला सुमारे दोन टक्क्यांचा फरक दिसतो. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीने चाळीस वर्षांत तेवढ्यानेच उत्पन्न दुपटीहून जास्त होतं. अर्थात हा संख्याशास्त्रीय संबंध आहे. श्रीमंत होत जाणारा देश शाळाही सुधारतो, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे शंभर टक्के सुटं करता येत नाही. तरीही शाळेत किती वर्षं बसलो यापेक्षा तिथे काय शिकलो याला वजन जास्त आहे, एवढं यातून नक्की निघतं.

आपल्याकडे हे मोजायची पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहिल्यावर मला विश्वास बसला नव्हता. २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षणाचे स्वयंसेवक गावोगावी घरी जातात, ओसरीवर मुलाशेजारी बसतात आणि त्याच्या हातात एक कागद देतात. कागदावर काही अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा एक उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. वाच म्हणतात. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची ती गोष्ट वाचू शकली फक्त ४२.८ टक्के. २०२४ मध्ये आकडा सुधारला, तरी निम्म्याच्या आतच राहिला. यातली बहुतेक मुलं पुढच्या वर्गात जातात, दहावीला बसतात, काही आयटीआयला जातात. तिथून पुढे व्हर्नियर.

यावरचा इलाजही इथेच, मुंबईत तपासला गेला. ‘प्रथम’ ही संस्था १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली. तिने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं बालसखीने रोज दोन तास वर्गाबाहेर न्यायची आणि त्यांना जिथे अडलंय तिथून शिकवायचं, मग ते अक्षर असो की हातच्याची बेरीज. अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात २००१ ते २००३ मध्ये याची पद्धतशीर चाचणी घेतली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना रास्त व्हावी. दुसऱ्या वर्षाअखेर गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलामुलांच्या गुणांत सरासरीपासून साधारण जितका फरक असतो, त्याच्या पावपटीहून जास्त) वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ, तीही एवढ्या कमी पैशांत, क्वचितच दिसते. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आणि आई निर्मला माहेरच्या पाटणकर. २०१९ च्या नोबेलच्या बातमीत आपल्याकडे हे आवर्जून छापून आलं. बालसखीबद्दल त्या मानाने कमी आलं याची मला अजून हळहळ वाटते.)

हे साधलं कसं? वर्गातल्या शिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा असतो, म्हणून तो पुस्तकाच्या वेगाने जातो, आणि ज्याचा धागा दुसरीत सुटला त्याला तो परत कधीच सापडत नाही. बालसखीकडे संपवायला अभ्यासक्रमच नव्हता.

माणसाच्या अंगातली गुणवत्ता शाळेच्याही आधी ठरायला लागते. रक्तातलं हिमोग्लोबिन स्नायूंना प्राणवायू पोचवतं, आणि त्यासाठी लोह लागतं. इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यांवर १९७० च्या दशकात रक्तक्षय असलेल्या कामगारांना लोहाच्या गोळ्या दिल्या, तर काही आठवड्यांत त्यांनी गोळा केलेला चीक निरोगी कामगारांच्या बरोबरीला आला. ग्वाटेमालात काही खेड्यांतल्या लहान मुलांना प्रथिनयुक्त पेज दिली गेली. पहिल्या दोन-तीन वर्षांत ती मिळालेले मुलगे मोठेपणी तासाला सरासरी ४६ टक्के जास्त कमावत होते. आणि आपल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. स्त्रिया कामाला बाहेर पडत नाहीत यावर आपल्याकडे खूप लिहिलं जातं. त्यांच्या रक्तात काय आहे ही गोष्ट त्या लिखाणात सहसा येत नाही.

इथवर सगळं कामगाराच्या अंगात शोधलं. पण गिरणगावाचा इतिहास वाचला की हे पुरेसं वाटत नाही.

१९१० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत यंत्रं लँकेशायरहून यायची, तीच जी तिथल्या गिरण्यांत चालायची. मजुरी इंग्लंडच्या मानाने अगदी कमी. कापूस तर इथलाच. मग मुंबईने जगाला कापड पुरवायला हवं होतं. ग्रेगरी क्लार्क या इतिहासकाराने जगभरच्या गिरण्यांचे आकडे गोळा केले तेव्हा दिसलं की अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक कामगार जवळजवळ सहा भारतीय, चिनी किंवा जपानी कामगारांएवढं काम उरकत होता. इंग्लंडचा विणकर साधारण चार साचे (यंत्रमाग) सांभाळायचा, आपला दोन. साहेबांचं स्पष्टीकरण तयार होतं: इथला कामगार आळशी. क्लार्क यांनाही कारण यंत्रात किंवा कापसात सापडलं नाही, आणि त्यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही.

मला स्वतःला जपानची गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. १९१० ला जपान आपल्याच रांगेत होता. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांचं दर माणशी उत्पादन झपाट्याने चढलं, मुंबईचं जिथल्या तिथे राहिलं, आणि जपानी कापडाने आपल्याच बाजारात गिरण्यांना घाम फोडला. जपानच्या गिरण्यांतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींचे हाल काही कमी नव्हते. पण तोवर तिथे जवळपास प्रत्येक मूल प्राथमिक शाळेत जात होतं. इथे १९११ च्या जनगणनेत शंभरात सहाच जण साक्षर होते, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच वर्षी मांडलेलं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये कौन्सिलात फेटाळलं गेलं.

तरी अक्षरओळखीने सगळं उलगडत नाही. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात, आज काम आहे तर उद्या बदलीच्या (गैरहजर कामगाराच्या जागी मिळणाऱ्या कामाच्या) रांगेत उभं राहायचं. विणकरांनी दोनऐवजी जास्त साचे चालवावेत असा मालकांनी आग्रह धरला, आणि १९२८ चा सहा महिन्यांचा संप पेटला त्यामागे हे एक मोठं कारण होतं. विणकराच्या जागी उभं राहून पाहा. त्याने तिसरा साचा घेतला तर शेजारच्या साच्यावरच्या भावाचं काम जाणार. वाढलेल्या उत्पादनातलं आपल्या पदरात काय पडेल याची शाश्वती नाही. दोन साच्यांवर अडून राहणं यात आळसाचा संबंध नव्हता, तो पोटाचा हिशेब होता.

म्हणजे कामगार किती काम उरकतो हे तो कुठे उभा आहे यावरही ठरतं. याचा थेट पुरावा मिळाला मुंबईपासून दोन-अडीच तासांवर, तारापूर आणि उंबरगाव भागात. २००८ पासून निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या १७ कंपन्यांच्या २८ कापड गिरण्यांमध्ये एक प्रयोग केला. काही गिरण्यांना पाच महिने व्यवस्थापनाचा सल्ला फुकट दिला, काहींना फक्त पाहणीपुरता महिनाभर.

सुरुवातीला तिथे काय दिसलं? सुताची खोकी एकावर एक रचलेली, कोणत्या खोक्यात कोणतं सूत याची चिठ्ठी नाही, काही खोकी ओलीने कुजलेली. पाने, पक्कड, सुटे भाग जमिनीवर विखुरलेले. साचा बंद पडला की आधी हत्यार शोधायचं. कापडातल्या दोषांची नोंद कुठे व्हायची, कुठे नाही, आणि झाली तरी ती वही कोणी उघडत नव्हतं. विणून झालेल्या कापडातले दोष शोधण्यात आणि दुरुस्त करण्यात मनुष्यबळाचा जवळपास पाचवा हिस्सा खर्ची पडत होता.

सल्लागारांनी सांगितलेलं ऐकून कोणालाही वाटेल, यात काय विशेष! सुताला रॅक आणि चिठ्ठ्या. हत्यारांना ठरलेली जागा. साच्याची तेलपाण्याची तारीख आधीच लिहून ठेवायची. कोणत्या साच्यावर, कोणत्या डिझाइनला, कोणता दोष आला ते रोज लिहायचं आणि रोज सकाळी सुपरवायझर-मॅनेजरनी दहा मिनिटं त्या तक्त्यासमोर उभं राहायचं. अशा ३८ गोष्टी. कामगार तेच, साचे तेच. वर्षभरात दोष चाळीसहून जास्त टक्क्यांनी घटले आणि उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मग मालकांनी हे आधीच का केलं नव्हतं? बऱ्याच जणांना आपला माल चारचौघांइतका चांगलाच वाटत होता, आणि दोष मोजलेच नव्हते तेव्हा वेगळं वाटायचं कारणही नव्हतं. पण माझ्या मते या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण दुसरं आहे. कंपनी किती मोठी होणार हे ती किती चांगली चालते यापेक्षा मालकाच्या घरात मुलगे आणि भाऊ किती, यावर जास्त ठरत होतं. बाहेरच्या मॅनेजरवर गिरणी सोपवायची तर चोरीची भीती, आणि कोर्टात न्याय मिळायला वर्षानुवर्षं लागणार. म्हणून जितके मुलगे तितक्या गिरण्या. उत्तम चालणारी कंपनी तिथेच थांबते, ढिसाळ कंपनीही तगून राहते, आणि ढिसाळ गिरणीतला चांगला कामगार चांगल्या गिरणीत जाऊ म्हणतो तर तिथे जागा वाढलेलीच नसते.

२०१७ मध्ये संशोधक पुन्हा त्याच गिरण्यांत गेले. लावून दिलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास गळून पडल्या होत्या. बहुतेक ठिकाणी मॅनेजर बदलला होता किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नव्हता. तरी बाकीच्या गिरण्यांपेक्षा या अजून पुढेच होत्या. आणि टिकलेल्या पद्धती त्याच मालकांच्या दुसऱ्या गिरण्यांतही जाऊन पोचल्या होत्या, जिथे सल्लागारांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.