लिनक्सवरील वायफाय कार्ड

लिनक्स या मुक्त-स्रोत कार्यप्रणालीवर बिनतारी नेटवर्क कार्ड चालण्यासाठी सहसा दोन गोष्टी लागतात : कर्नलमधला (कार्यप्रणालीच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आणि कार्डावरच्या चिपचे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम. बहुतेक कार्डांत फर्मवेअर कायमचे साठवलेले नसते. संगणक सुरू झाला की ड्रायव्हर ते डिस्कवरच्या फाइलमधून उचलतो आणि चिपमध्ये भरतो. वायफाय बंद पडले की दोष नेमका कोणाचा, हे आधी पाहावे लागते.

२००० नंतरच्या दशकात खरी अडचण ड्रायव्हरची होती. ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या चिपांची तांत्रिक माहिती खुली केली नव्हती. त्यावर ‘एनडिसरॅपर’ हा जुगाड निघाला : विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बसवायचा आणि त्याला आपण विंडोजवरच आहोत असे भासवायचे. काम भागायचे, पण ज्याच्या आत डोकावता येत नाही असा कोड थेट कर्नलमध्ये शिरायचा. पुढे एका गटाने चिप कशी वागते याचे टिपण तयार केले आणि दुसऱ्याने केवळ ते टिपण वाचून ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मध्ये कर्नल २.६.१७ मध्ये दाखल झाला. फर्मवेअर वाटण्याची परवानगी मात्र नव्हतीच, त्यामुळे ज्याने त्याने ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून ‘एफडब्ल्यूकटर’ या साधनाने कापून काढायचे! अथेरॉस या दुसऱ्या चिप कंपनीने २००८ मध्ये स्वतःहून ‘एटीएच९के’ हा खुला ड्रायव्हर दिला. त्यावर चालणाऱ्या, संगणकाच्या आत बसणाऱ्या पीसीआय कार्डांना वेगळे फर्मवेअरही लागत नाही, म्हणून जुनी अथेरॉस कार्डे जाणकार आजही जपून ठेवतात. ब्रॉडकॉमचा स्वतःचा खुला ड्रायव्हर २०१० मध्ये आला.

आता बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात आणि घोडे अडते ते फर्मवेअरपाशी. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने कार्ड दिसते, पण ‘डीमेसेज’ने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदीत फर्मवेअरपुढे ‘त्रुटी उणे २’ आढळते. याचा अर्थ एवढाच, की फाइल जागेवर नाही. ती उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला वायफाय. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देणे) सुरू करणे सर्वांत सोपे. डेबियन या लिनक्स वितरणाने तत्त्व म्हणून असे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. २०२२ च्या मतदानानंतर ते आत घेतले गेले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरसोबतच मिळते.

फाइल असूनही कार्ड गप्प असेल तर ‘आरएफकिल’ या आज्ञेने वायफाय बंद केलेले नाही ना, ते पाहावे. त्यात ‘हार्ड ब्लॉक’ दिसला तर लॅपटॉपच्या कडेचे बटण बंद असण्याचा संभव मोठा. काही यूएसबी डाँगल लावल्याबरोबर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्यातच भरलेला असतो. ‘यूएसबी-मोडस्विच’ने त्यांना वायफाय कार्डाच्या रूपात आणावे लागते. कर्नलबाहेरून आणलेला ड्रायव्हर कर्नल अद्ययावत झाला की निकामी होऊ शकतो. ‘डीकेएमएस’ हे साधन वापरल्यास तो नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा बांधला जातो, मात्र सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सुरक्षा) सुरू असेल तर त्यावर डिजिटल सहीही करावी लागते.