व्हॉल्व्ह-दोषाचे निदान (जुन्या मोटारींतील)

जुन्या पेट्रोल मोटारीच्या इंजिनातला एखादा व्हॉल्व्ह (झडप) नीट बसत नाही, अडकतो, जळला आहे किंवा त्याच्या गाइडमधून (दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून) तेल झिरपते आहे, हे शक्यतो हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवण्याआधी ओळखण्याची रीत. हेड उतरवायचे म्हणजे पाणी काढा, मॅनिफोल्ड सोडवा, नवे पॅकिंग आणा. एवढे करून व्हॉल्व्ह ठणठणीत निघाले आणि दोष पिस्टनच्या रिंगांत सापडला, तर सगळी मेहनत वाया. म्हणून दाब कुठून निसटतो आहे, व्हॉल्व्हमधून, रिंगांवरून की हेडच्या पॅकिंगमधून, हे आधी वेगळे करावे लागते. पुढील विवेचनात मुख्यतः प्रीमिअर पद्मिनीचे उदाहरण घेतले आहे. पुशरॉड असलेल्या बहुतेक जुन्या इंजिनांना ते थोड्याफार फरकाने लागू पडते.

इंजिनाची रचना

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११०० डी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही मोटार १९६० च्या दशकात तयार होऊ लागली. पद्मिनी हे नाव तिला पुढच्या दशकात मिळाले. इंजिन चार सिलिंडरांचे, १,०८९ घ.सेंमी.चे, सिलिंडरचा व्यास ६८ मिमी. आणि पिस्टनचा फेरा ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याची हालचाल टॅपेट (कॅमवर टेकलेला ठोकळा), पुशरॉड (उभी काठी) आणि रॉकर (वरची तरफ) यांच्यामार्फत वरच्या आठ व्हॉल्व्हांपर्यंत पोचते.

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हचे डोके भाराखाली ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. ही उष्णता प्रामुख्याने सीटवर (हेडमधल्या बैठकीवर) टेकलेल्या कडेतून हेडमध्ये उतरते, थोडी दांड्यातून गाइडकडे जाते. म्हणजे सीटवर घट्ट बसणे हे दाब कोंडण्यापुरते नाही. व्हॉल्व्ह निवतो तोही तेवढ्याच वेळात. बसणे बिघडले की तो निवत नाही, आणि उरलेल्या फटीतून निसटणारा जळता वायू गॅस-कटरसारखा त्याची कड कापत जातो. यालाच ‘व्हॉल्व्ह जळला’ म्हणतात.

वाजणारे टॅपेट आणि गप्प व्हॉल्व्ह

रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये केसाएवढी फट मुद्दाम ठेवतात, कारण तापल्यावर दांडा लांबतो. फट वाढली की टॅपेट वाजतात, आणि मालक घाबरतो तो या आवाजाला. वास्तविक वाजणारा व्हॉल्व्ह निदान पुरता मिटत तरी असतो. फट जास्त असल्याने उचल कमी होते, पिकअप थोडा मंदावतो, रॉकरचे तोंड झिजते. पण व्हॉल्व्ह सहसा जळत नाही. खरा धोका गप्प व्हॉल्व्हचा. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुततो, त्याचा दांडा रॉकरच्या दिशेने वर सरकतो आणि फट आपोआप मिटत जाते. ‘टॅपेटचा आवाज होता, आता आपसूक बंद झाला’ असे कोणी समाधानाने सांगितले, तर फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) त्याच दिवशी काढावा. फट शून्यावर आली की व्हॉल्व्ह पुरता मिटेनासा होतो, आणि जळायला मग फार दिवस लागत नाहीत.

सीट झिजण्याची कारणे

पेट्रोलमध्ये पूर्वी शिशाचे संयुग मिसळत. त्याचा पातळ थर सीटवर साचे आणि तापलेल्या दोन धातूंच्या पृष्ठभागांना एकमेकांना चिकटून ओरखडू देत नसे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल सर्वत्र बंद झाले. ज्यांच्या सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापलेल्या आहेत, अशा इंजिनांना त्याचा फटका अधिक. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट वेगळ्या धातूच्या कड्यांच्या असतात. ती कडी किती कठीण यावर सगळे ठरते. शहरातल्या संथ रहदारीत ही झीज फारशी होत नाही. लांब पल्ल्याची भरधाव धाव आणि बोरघाटासारखी चढण यांत ती होते.

मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी पुढे मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. हा वायू कोरडा. द्रवरूप इंधनाचा जो थोडासा ओलावा आणि गारवा इनलेट (मिश्रण आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला मिळतो, तोही त्यात नाही. म्हणून टॅक्सीतून निघालेले जुने इंजिन घेणाऱ्याने आधी व्हॉल्व्हची फट पाहावी, रंगरंगोटी नंतर. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रश्न वेगळा आहे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने तेवढ्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या बारीक छिद्रातून) जाणारे मिश्रण पातळ पडते, आणि कार्ब्युरेटरला हे आपणहून सुधारता येत नाही.

ॲल्युमिनियमच्या हेडचा स्वतःचाही एक रोग आहे. घाटात रेडिएटर उकळला तरी गाडी तशीच दामटली, तर हेड सीटच्या कड्यापेक्षा जास्त फुगते आणि कडे सैल होते. थंड इंजिन नीट, तापल्यावर एका सिलिंडरचे मिसिंग (मधूनमधून न पेटणे), असे लक्षण असेल तर हा संशय घ्यावा. कडे पुरते सुटून पिस्टनवर पडले, तर निदानाची गरजच उरत नाही.

वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीत दोष निराळा असतो. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हचा दांडा गंज आणि चिकट राळ यांनी गाइडमध्ये धरला जातो. अशी गाडी थेट स्टार्टर मारून चालू करणे हा पुशरॉड वाकवण्याचा हमखास मार्ग आहे. टॅपेट कव्हर काढून, दांड्यांवर पातळ तेल सोडून, इंजिन हाताने सावकाश फिरवावे आणि आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते डोळ्यांनी पाहावे.

तपासणी

सुरुवात मात्र व्हॉल्व्हपासून करू नये. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, प्लगच्या वायरी आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग यांतला दोष अगदी जळक्या व्हॉल्व्हसारखा वागतो आणि चहा होईपर्यंत दुरुस्त होतो. तो नसल्याची खात्री झाली की इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवून एकेका प्लगची वायर इन्सुलेट केलेल्या पकडीने काढून, तिचे टोक अर्थला जोडून पाहतात. वायर काढल्यावर इंजिन लटपटले तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच.

सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरण्याची युक्ती जुनी आहे. निरोगी इंजिन ती सतत बाहेर फुंकते; एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असेल तर पट्टी मधूनमधून आत ओढली जाते. मिसिंगच्या इतर कारणांनीही असे होऊ शकते, त्यामुळे याला पुरावा न मानता इशारा मानावे. कार्ब्युरेटरमधून फटकारे येत असतील तर संशय इनलेटकडे वळतो, किंवा पातळ मिश्रणाकडे.

सर्वांत उपयोगी उपकरण कंप्रेशन गेज. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर सुटलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरचा दाब घेतात. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा चार आकड्यांतला फरक बोलका असतो. समजा १३०, १२८, ७० आणि १२९ पीएसआय आले. आता तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजते. म्हणून दाब वर चढला तर दोष रिंगांचा, आणि ७० च राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा पॅकिंगचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर बहुधा दोघांमधले पॅकिंग फुटलेले असते.

शंका उरलीच तर हवेचा दाब देऊन ती फेडता येते. जुन्या प्लगचे चिनी मातीचे पोट फोडून त्याच्या सांगाड्यात नळी बसवली की काम भागते. हवा पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची चालते. पिस्टन कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून हवा सोडायची आणि कान द्यायचा. कार्ब्युरेटरमध्ये सूं-सूं आली तर इनलेट, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट, तेल ओतण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. थोडी हवा रिंगांवरून नव्या इंजिनातही जाते, तिने दचकू नये. गेजवरच्या आकड्यापेक्षा या कसोटीवर माझा भरवसा जास्त आहे, कारण ती जागाच दाखवते.

मॅनिफोल्डला लावलेला व्हॅक्यूम गेज चालत्या इंजिनाबद्दल सांगतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहते. दर हजार फुटांच्या उंचीला साधारण एक इंच वजा होतो. म्हणजे मुंबईत १९ दाखवणारी गाडी पुण्यात १७ दाखवू लागली तर ती बिघडलेली नाही. काटा ठरावीक लयीत खाली उडी घेत असेल तर एक व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी गळतो आहे. उडी अधूनमधून, अनियमित असेल तर व्हॉल्व्ह अडकतो आहे. आयडलवर काटा थरथरत असेल तर गाइड झिजलेले आहेत, आणि वेग वाढवल्यावर थरथर वाढली तर स्प्रिंग थकल्या आहेत.

गाइडची परीक्षा रस्त्यावरही होते. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये ओढ वाढते आणि झिजलेल्या गाइडमधून तेल आत खेचले जाते. तळाशी येऊन पुन्हा पाय दिला की मागे निळ्या धुराचा एक लोट सुटतो. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सोडलेला निळा धूरही याच जातीचा. चढावर सतत निळा धूर येत असेल तर मात्र रिंगांकडे पाहावे. यासाठी मागच्या गाडीत बसलेला मित्र आरशापेक्षा विश्वासू.

हेड उतरवल्यावर

उलट्या हेडच्या प्रत्येक खोलीत घासलेट ओतून ठेवले की गळणारा व्हॉल्व्ह पोर्टमधून ओल दाखवतो. जळक्या व्हॉल्व्हच्या कडेला पाचर कापल्यासारखी खाच असते. कड चाकूच्या पात्यासारखी पातळ झाली असेल तर तो व्हॉल्व्ह खाच नसली तरी टाकून द्यावा. दांडा वाकला आहे का ते सपाट काचेवर घरंगळवून कळते. इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा, जाड, तेलकट थर असेल तर गाइडबद्दलचा संशय खरा ठरला असे समजावे. घासण्याची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासल्यावर दोन्हींवर एकसारखा राखाडी पट्टा अखंड उमटला पाहिजे. तो तुटक असेल तर घासत बसण्यात अर्थ नाही, सीट कापून घ्यावी किंवा कडे बदलावे.

पुन्हा जोडणी करताना चौथ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह डोलत असताना, म्हणजे एक मिटत आणि दुसरा उघडत असताना, पहिल्याची फट लावतात. पहिल्याचे डोलत असताना चौथ्याची. दुसरा आणि तिसरा यांची जोडीही तशीच. नव्या सीट काही दिवस बसत राहतात आणि पॅकिंगही दबते, त्यामुळे पाच-सातशे किलोमीटर चालवल्यावर थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा आवळून फट परत मोजतात.