न घेतलेल्या कर्जाचे हप्ते: सिबिल अहवाल दुरुस्त करणं आणि आपली ओळख जपणं

आमच्याकडे आयकर विवरणपत्र भरायला येणारे बरेच ग्राहक काम झाल्यावर उठता उठता विचारतात, "सिबिल खराब झालंय, वाढवून द्याल का?" उत्तर दर वेळी तेच असतं, म्हणून ते एकदा नीट छापून द्यायचं ठरवलं. सिबिल अहवाल म्हणजे आपण घेतलेल्या कर्जांची आणि त्यांच्या परतफेडीची नोंद. त्यातली खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आम्हालाही नाही. चुकीची नोंद काढून घेणं हा मात्र तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. आता तुमच्या अहवालात खरं काय आणि चुकीचं काय, हे तो उघडून वाचल्याशिवाय कसं कळणार? आमच्या अनुभवात बहुतेकांनी तो कधीच वाचलेला नसतो. कर्ज नाकारलं गेलं की पहिल्यांदा त्याची आठवण होते.

अहवाल मागवा, आणि आकड्याच्या पुढे वाचा

"सिबिल" हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण आपल्या कर्जांची माहिती ठेवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली त्या काम करतात आणि रिझर्व्ह बँकेचं त्यांच्यावर नियंत्रण असतं. बँका आणि वित्तसंस्था चौघींनाही माहिती पाठवतात, तरी एकीच्या अहवालात दुरुस्त झालेली चूक दुसरीच्या अहवालात तशीच राहिलेली आम्ही पाहिली आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2017 पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल, गुणांसह (क्रेडिट स्कोअरसह), मोफत द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल फुकट. चारही एकाच दिवशी मागवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एक मागवा, म्हणजे वर्षभर नजर राहते. मात्र चूक सापडली तर वाट न बघता बाकीचे तिन्ही लगेच काढा. कंपनीच्या संकेतस्थळावर "मोफत वार्षिक अहवाल" हा पर्याय शोधा, महिन्याच्या वर्गणीची गरज नाही. आपला अहवाल आपण पाहिल्याने गुण कमी होतात, हा समज खोटा आहे. गुणांवर परिणाम होतो तो कर्ज देणाऱ्याने तुमच्या अर्जावरून चौकशी केली तर.

अहवाल हातात आला की सगळे आधी 300 ते 900 मधला तो गुणांचा आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. आमचा आग्रह आहे की सुरुवात वैयक्तिक माहितीपासून करा. तिथे तुम्ही कधीच न राहिलेला पत्ता आहे का? तुमचा नसलेला मोबाइल क्रमांक, ईमेल? ओळख चोरीला गेल्याची पहिली खूण बहुधा इथेच सापडते, कारण भामटा तुमचा पॅन वापरतो पण फोन आणि पत्ता स्वतःचा देतो. मग शेवटच्या भागातल्या चौकशा पाहा: ज्या संस्थेकडे तुम्ही कधी अर्जच केला नाही, तिने तुमचा अहवाल का मागवला? त्यानंतर खाती. प्रत्येक खात्यापुढे महिन्यावार चौकटी असतात आणि त्यात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा असतो. 000 म्हणजे थकबाकी शून्य. 030 किंवा 060 दिसलं तर त्या महिन्याचं बँक पासबुक काढून ताडून पाहा.

साध्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

सगळ्या चुकांमागे चोर नसतो. फेडलेलं कर्ज चालू दिसतं. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं खातं आपल्याला चिकटतं. एकच कर्ज एका संस्थेकडून दुसरीकडे विकलं गेलं की दोनदा दिसतं. जामीनदार म्हणून केलेली सही विसरलेली असते आणि अहवालात ते कर्ज बघून धक्का बसतो. ही चूक नव्हे. जामीनदाराच्या आणि सहकर्जदाराच्या अहवालात ते कर्ज येणारच, आणि मूळ कर्जदाराने हप्ते चुकवले तर त्याचा डाग यांनाही लागतो. सही करण्यापूर्वी हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

खरी चूक असेल तर संबंधित पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेलाही लेखी कळवा. दोन्हीकडे कळवण्याचं कारण असं की कंपनी स्वतःच्या अधिकारात नोंद बदलू शकत नाही. ती संस्थेला विचारते आणि संस्थेने होकार दिला तरच दुरुस्ती होते. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि पहिल्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्या तारखेपासून चालतो. 30 दिवसांत निकाल लागला पाहिजे. संस्थेने 21 दिवसांच्या आत दुरुस्त माहिती पाठवायची असते. 26 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे 30 दिवस उलटूनही तक्रार सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळते, आणि ती ज्याच्याकडून उशीर झाला त्याने द्यायची असते. रक्कम फार मोठी नाही, पण तक्रारअर्जात या नियमाचा उल्लेख असला की कागद हलतो.

तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे तक्रार करायला शुल्क नाही, वकील लागत नाही. 14448 वर फोन करून माहिती घेता येते. पतमाहिती कंपन्याही 1 सप्टेंबर 2022 पासून लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

कर्ज तुम्ही घेतलंच नसेल तर

एका ग्राहकाचं घरकर्ज अगदी शेवटच्या टप्प्यावर अडलं. अहवालात काही हजारांचं मोबाइल ॲपवरून घेतलेलं कर्ज, एकही हप्ता न भरलेलं. त्यांनी ते ॲप कधी पाहिलंही नव्हतं. वसुलीवाल्याने फोनवर गळ घातली, "रक्कम किरकोळ आहे, भरून टाका, विषय संपवा." घरकर्जाच्या घाईत त्यांनी जवळजवळ भरलंच होतं.

असं कधीही करू नका. एक हप्ता भरला की कर्ज तुमचंच होतं असं समोरचा म्हणू शकतो, आणि थकलेले महिने अहवालात तसेच राहतात. त्याऐवजी कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी विचारा: रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा केली? अर्जावर मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणता होता? केवायसीचा (ओळख पडताळणीचा) फोटो आणि कर्जकराराची प्रतही मागा. 2022 पासून डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा करण्याचं बंधन आहे. ते खातं तुमचं नसेल तर तुमची बाजू तिथेच सिद्ध व्हायला लागते. या ग्राहकाच्या बाबतीत फोटोच दुसऱ्याचा निघाला.

सोबत पोलिसांत तक्रार हवीच. सायबर गुन्ह्यांसाठी 1930 हा क्रमांक आहे आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. दुसऱ्याची ओळख वापरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. पोलीस तक्रारीची प्रत संस्थेकडे आणि चारही कंपन्यांकडे जोडून पाठवा. वसुलीचे फोन येत राहिले तर घाबरू नका. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला त्यांना मनाई आहे, धमकी द्यायला तर कधीच परवानगी नाही. प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवा.

नोंद खरी असेल तर

इथे जादू नाही. थकलेलं भरा, आणि पुढचे हप्ते तारखेच्या आदल्या दिवशी खात्यात पैसे ठेवून चुकवा. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरली तर थकबाकीचा शिक्का टळतो, व्याज मात्र चालूच राहतं. कार्डाची मर्यादा दर महिन्याला काठोकाठ वापरू नका. एक तृतीयांशाच्या आत राहिलेलं बरं. गुण घसरलेले असताना चार ठिकाणी अर्ज करत सुटू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते.

तडजोडीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पस्तावलेले ग्राहक इथलेच असतात. बँक म्हणते, थोडी रक्कम भरा, बाकी सोडतो. माणूस सुटकेचा श्वास सोडतो. पण अहवालात "बंद" असं न येता "तडजोडीने मिटवलेलं" असं येतं, आणि पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ "पूर्ण फेडलं नाही" असा घेतो. खरोखरच ऐपत नसेल तर तडजोड करावी, त्यात लाज नाही. पण नंतर हातात पैसे आले तर उरलेली रक्कम भरून नोंद "बंद" करून देण्याबद्दल बँकेशी आधी लेखी ठरवा, मग ना-देय प्रमाणपत्र (काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र) घ्या आणि नोंद बदलली का ते तपासा. 1 जानेवारी 2025 पासून संस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. गुण सावरायला मात्र महिने जातात.

"पंधरा दिवसांत 750 करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तो एकतर तुमच्याच नावाने तुम्हाला फुकट करता येणारी तक्रार करतो, किंवा खऱ्या नोंदी खोट्या ठरवणारे अर्ज पाठवतो, जे परत येतात. शिवाय तुमचा पॅन, आधार, ओटीपी सगळं त्याच्या हातात जातं.

ओळख जपण्यासाठी

आधारची साधी झेरॉक्स देणं शक्यतो टाळा. शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार किंवा आधार क्रमांकाऐवजी देता येणारा 16 अंकी व्हर्च्युअल आयडी बहुतेक ठिकाणी चालतो. बोटांच्या ठशांचा वापर लॉक करण्याची सोय आधारच्या ॲपमध्ये आहे. लागेल तेव्हाच उघडा. पॅनच्या झेरॉक्सवर कशासाठी आणि कोणाला दिली ते तारखेसह लिहून सही करा, अक्षरं कार्डाच्या चित्रावरून जाऊ द्या.

आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं. अनोळखी क्रमांक असेल तर तिथूनच कळवा. फोनची रेंज अचानक, विनाकारण तासन् तास गेली तर ते सिम दुसऱ्याने बदलून घेतल्याचं लक्षण असू शकतं. दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा.

बँकेकडे आणि पतमाहिती कंपन्यांकडे तुमचा चालू मोबाइल क्रमांक आहे ना, हे पाहा. एखाद्या कर्ज देणाऱ्याने तुमचा अहवाल उघडला की कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. क्रमांक जुना असेल तर हा इशारा भलतीकडेच जातो. आयकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरणही (एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर नोंदलेल्या व्यवहारांची यादी) वाचा. तुम्ही न केलेला व्यवहार तिथे दिसला तर पॅन कोणीतरी वापरतंय.

आमच्याकडे येताना चारही अहवालांच्या प्रती, संबंधित महिन्यांचं पासबुक आणि आलेली पत्रं घेऊन या. तक्रारीचा मसुदा आम्ही लिहून देऊ, अर्ज तुम्ही तुमच्या फोनवरून तुमच्या हाताने पाठवायचा. ओटीपी आम्ही मागणार नाही, आणि आमच्या नावाने कोणी मागितला तर देऊ नका.