६१७४ आणि न थांबणारा लूप

१९०५ ही संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडले की ९५१०, चढत्या क्रमानं ०१५९. वजाबाकी ९३५१. आता या उत्तरावर पुन्हा तेच करा. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. त्यानंतर कितीही वेळा करा, ६१७४च येत राहतं. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना हे १९४९ मध्ये सापडलं (१९०५ हे त्यांचं जन्मवर्ष). चारही अंक सारखे नसले, की कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथंच पोचते.

लूप म्हणजे प्रोग्रॅममध्ये तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं. ते शिकायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. एक ते दहा आकडे छापायचे तर किती फेऱ्या ते आधीच ठरलेलं असतं, ते फॉर लूपचं काम. इथे संख्येगणिक फेऱ्या बदलतात. म्हणून व्हाइल लूप: उत्तर ६१७४ येत नाही तोवर वजाबाकी करत राहा.

आता या लूपला ११११ देऊन बघा. उत्तर शून्य, पुन्हा शून्य, पुन्हा शून्य. संगणक कंटाळत नाही, आपणच कंट्रोल-सी दाबून त्याला थांबवायचं. अशा संख्या आधीच वगळता येतात, पण २१११ जास्त फसवी. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कागदावर आपण ०९९९ लिहितो आणि ९९९० मधून ते वजा करतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला मात्र तीनच अंक दिसतात. ते कसेही मांडा, ९९९ वजा ९९९, शून्य, आणि लूप पुन्हा अडकला. दर फेरीला डावीकडे शून्य भरून चार अंक पुरे करावे लागतात.

सगळ्याच चार अंकी संख्या तपासायच्या तर बाहेरून आणखी एक फॉर लूप लागतो. कुठून कुठवर मोजायचं हे सांगणाऱ्या पायथनच्या रेंजमध्ये शेवटची संख्या धरली जात नाही, म्हणून १००० ते १०००० असं लिहायचं. कुणी ९९९९ लिहिलं तरी इथे चूक पकडली जाणार नाही, कारण ९९९९ वगळायचीच असते!

दोन अंकी संख्यांची गंमत वेगळीच. त्या कुठेच थांबत नाहीत: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. मग व्हाइलला अट कोणती द्यायची? आलेलं प्रत्येक उत्तर यादीत ठेवायचं आणि तेच उत्तर पुन्हा आलं की ब्रेक, म्हणजे लूपमधून बाहेर. असा प्रोग्रॅम तीन अंकांना लावला तर ४९५ वर थांबतो, आणि ११११ दिली तरी अडकत नाही.